पावणी लांब बांध

त्यांचं नाव मी सांगत न्हाई. आख्खं गाव तोंडावर तात्या म्हणायचं आणि पाठीमागं चुनेवाला म्हणायचं, मी बी तात्याच म्हणते. कागलच्या फुडं आमचं गाव, आमच्या परड्याला लागून त्यांचा गोठा, मधी खांद्याएवढी भित. लगीन होऊन मी ह्या घरात आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या भितीवरनं एक टक्कल वर आलं आणि माझ्याकडं आसं बघाय लागलं, जशी काय बाजारात म्हस बघत्यात. पायापास्नं वरपतूर. मग म्हणले, "ही पावणी कुठली?"

आमच्या सासूबाई, आत्ती म्हणतो आमी त्यांना, त्या म्हणाल्या, "पावणी कशाची तात्या, सून हाय माझी."

"एक म्हैना पावणीच. मग घरची," तात्या म्हणले आणि टक्कल खाली गेलं.

मी आत जाऊन रडले. नववीत शाळा सुटलेली, माहेर सोडून आलेली, आणि आल्या आल्या हा माणूस मला पावणी म्हणतोय. आत्ती म्हणाल्या, "तू नगं मनावर घिऊस, तो म्हशीला बी तसंच म्हणतो." त्यानं मला आणखीनच रडू आलं.

पण ते खरं हुतं. नवी म्हस आणली की तात्या तिला दावणीला बांधायचेच न्हाईत. परड्याच्या पार टोकाला चिंचंखाली ती एकटी, तिची बादली येगळी, वैरण येगळी, शेण काढायचं फावडं सुद्धा येगळं, आणि सगळ्या म्हशींच्या धारा झाल्या की शेवटाला तिच्याकडं जायचं, आधी न्हाई. दवाखान्याचा माणूस येऊन तिचं रक्त घेऊन जायचा, ते तपासून आलं, म्हैना झाला, की मग तिला दावणीला आणायची आणि कपाळाला हळदीकुक्कू लावायचं. तंवर पावणी. म्हशींशी बोलताना आवजाव, "या बाई, सरा बाई, पाय उचला बाई," आणि माणसांना, मग तो पोलीसपाटील का आसंना, "ए थांब. पाय बुडीव."

पाय बुडवायचा म्हणजे चुन्यात. गोठ्याच्या तोंडाला पत्र्याची एक परात, तिच्यात चुन्याचं पाणी, त्यात पाय बुडवल्याबिगर आत पाऊल न्हाई. त्यांचा जावई दिवाळीला नवं बूट घालून आलता, त्याला बी बुडवाय लावलं. जावई पुन्यांदा गोठ्याकडं फिरकला न्हाई. तात्या म्हणले, "बरं झालं, दोन पाय कमी झालं."

आणि च्या. माझ्या हातचा च्या त्यांनी कधी पिला न्हाई आसं न्हाई, पण कसा पिला ते सांगते. पयल्यांदा आले तवा सोप्यात बसले न्हाईत, सरळ सैपाकघराच्या दारात येऊन हुभं. मी डोक्यावर पदर घेऊन हुभी, आणि ते दुधाच्या पातेल्याकडं टक लावून बघत्यात. दूध वर आलं, मी ग्यास बारीक केला. "आणखीन," म्हणले. परत वर आलं. "आणखीन." तीन उत्या येऊ दिल्या तवा गपगुमान जाऊन बसले. मला वाटलं ह्या माणसाला वाटतंय मी इख घालीन. आत्ती म्हणाल्या, "ज्याच्या मनात पाप आसतं त्यालाच दुसऱ्याचा संशेव येतो बग." तवापास्नं माझ्या डोक्यात ते बसलं.

मग मी बघतच राहिले त्यांच्याकडं. भितीच्या फटीतनं. त्यांच्याकडं एक काळी वाटी हुती, काळी म्हणजे आतनं बाहेरनं काळीकुट्ट, धार काढायच्या आधी एकेका सडाची पयली पिळी त्या वाटीत घ्यायची, मग ती उनाकडं धरायची, वाकून बघायची आणि तोंडातल्या तोंडात कायतरी पुटपुटायचं. मग ते दूध वतून टाकायचं, आणि वाटी राखंनं घासायची. दुसरा सड. परत तेच. आता तुमी सांगा, चुना, काळी वाटी, पुटपुटणं, जनावराचं रक्त काढून घेणं, कुणाला काय वाटंल? गावात सगळे म्हणायचेच, आधी ते जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरच्या हाताखाली हुते, तिथंच कायतरी शिकून आलेत म्हणून. आणि एक. ल्हान पोराला हात लावायचे न्हाईत. बारशाला बोलवलं तर अंगणात हुभं राहून पेढा घ्यायचे आणि जायचे, कुणी बाळ फुडं केलं की दोन पावलं मागं. बाया म्हणायच्या, पोरं सुद्धा वळखत्यात बाई, ह्याच्याकडं जात न्हाईत. पोरं जायची की! तेच घेत नव्हते.

मला दिवस गेले आणि त्याच म्हैन्यात आमच्या मालकांनी बाजारातनं म्हस आणली, पाच म्हैन्याची गाभण, चांगली भरल्या अंगाची. टेंपोतनं उतरवली आणि आणली तशी दावणीला बांधली, आमच्या जुन्या म्हशीच्या शेजारी. भितीवर टक्कल आलंच.

"पावणी लांब बांध."

मालक म्हणले, "तात्या, जागा कुठं हाय?"

"परड्यात बांध. म्हैनाभर. रक्त तपासू दे."

"आवं, नवी म्हस हाय, एकटी राहिली तर वैरणीला तोंड लावायची न्हाई."

तात्या नुसतं म्हशीकडं बघत राहिले, लई येळ. आत्तींनी लगीच मीठ-मिरच्या उतरून टाकल्या. म्हणाल्या, "दिष्ट लावून गेला मेला. त्याच्या दावणीला आसली म्हस न्हाई न्हवं."

आणि तीन म्हैन्यांनी ती म्हस गाभडली. आठव्या म्हैन्यात. सकाळी मी वैरण घालाय गेले तर रेडकू खाली पडलंतं, गार, अंगावर केस बी पुरतं आलं नव्हतं. मालक शिरोळकडं ऊसाच्या ट्रॅक्टरवर, घरात आमी दोघीच, आत्तींचं गुडघं धरलेलं, त्यांना वाकता येत न्हाई. वार निम्मी लोंबत हुती. वार म्हणजे व्याल्यावर मागनं पडती ती. मी चार म्हैन्याची पोटुशी, मीच वाकले, मीच वडली, हातानं. रेडकू पोत्यात भरलं, वार दुसऱ्या पिशवीत. हात हौदात धुतले आणि पदराला पुसले. आमच्यात वार वडाला बांधत्यात. वडाला पांढरा चीक आसतो, दुधासारखा, तवा वार वडाला बांधली की म्हस आटत न्हाई, दुधाला येती. गाभडली तर उलट जास्त बांधायला पायजे, आत्ती म्हणाल्या. मग मीच गेले वढ्याच्या वडाला, तिथं आधीच्या धा-बारा पिशव्या लोंबत्यातच, काही फाटलेल्या, खाली कुत्री. मी आमची बांधली, हात जोडले आणि आले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू न्हाई, मी वढ्यावर धुणं घेऊन गेलते. आणि तात्या वडाखाली. दोन्ही हातात कोपरापतूर पलास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या, हातात इळा, आणि आमचीच पिशवी, माझ्या हातची गाठ मी वळखली की, ती कापून बादलीत टाकली. मी झाडाआड बसले. ते शेताच्या बांधाकडं गेले, मी मागनं गेले, आणि बघते तर खड्डा काढलेला, माणूस हुभा राहील एवढा खोल, त्यात पिशवी टाकली, वर पांढरा चुना वतला, वर मूठमूठ मीठ, आणि तोंडानं पुटपुटणं चालूच. मी धुणं तिथंच टाकून पळत सुटले.

आत्तींना सांगितलं. आत्तींनी शेजारणीला, शेजारणीनं आणखीन कुणाला, दिवस मावळायच्या आत तात्यांच्या दारात पंधरा-वीस माणसं. मला फुडं हुभं केलं. साक्षीला.

"बोल पोरी, काय बघितलंस?"

मी म्हणले, "आमची वार पुरली. चुना टाकला. मीठ टाकलं."

तात्या गोठ्यात हुते. बाहेर आले, परातीत पाय बुडवले, तेवढ्यातनं बी, आणि येऊन हुभे राहिले. एवढी माणसं वरडत्यात, आत्ती तळतळाट देत्यात, तात्यांनी एकच इचारलं.

"त्या वारंला हात कुणी लावला?"

मी खाली बघितलं. तात्या माझ्याकडं बघाय लागले, मग माझ्या पोटाकडं, आणि तिथंच बघत राहिले. मी पदर घेऊन पोट झाकलं. त्यांचं तोंड एकदम पांढरं पडलंतं, तवा मला वाटलं भांडं फुटलं म्हणून.

"ह्या पोरीचं रक्त तपासून आणा," ते म्हणले. "उद्याच. रक्त घ्या हिचं."

"आगं आई आई!" आत्ती किंचाळल्या. "आता पोरीचं रक्त पायजे म्हणं ह्याला! म्हशीचं पिऊन झालं, आता माझ्या सुनंचं!"

कुणीतरी परात लाथाडली. चुना सगळा अंगणात सांडला, लोकांचं पाय पांढरं झालं, आणि गंमत बगा, ज्यांनी जन्मात तिच्यात पाय बुडवला नव्हता ते सगळे त्या दिवशी बुडवून घरला गेले. पण तवा मला हसू आलं न्हाई.

त्या रात्रीपास्नं न्हाई, सांगाय गेलं तर पंधरा-वीस दिवसांनी, मला ताप याय लागला. दुपारपतूर बरी, दिवस कलला की अंगात थंडी, मग घाम, हातरुण भिजायचं. कंबर आणि ढोपरं आशी दुखायची जसं काय मी सत्तर वर्साची हाय. चार दिवस जायचा, परत यायचा. गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. देवऋषीनं लिंबू दिलं. ताप जायचा आणि यायचा. आणि मी रोज फटीतनं बघायचे तर तात्या बी फटीतनं माझ्याकडं बघत आसायचे. खोटं न्हाई सांगत. दोघं बी एकमेकाकडं.

आत्तींनी माझी सेवा लई केली, ते म्हणायलाच पायजे. रोज सकाळी जुन्या म्हशीची धार काढायच्या आणि तिथल्या तिथं, सडातनं पेल्यात, फेसासकट, गरम गरम मला द्यायच्या. धारोष्ण. आमच्याकडं पैलवान तेच पित्यात, कोल्हापुरात कट्ट्यावर म्हस हुभी करून लोक रांग लावून पित्यात. आत्ती म्हणायच्या, पी, पोटातलं पैलवान हुईल. मी डोळं झाकून प्यायचे.

एक दिवस पेला तोंडाला लावलाय तेवढ्यात भितीवरनं तात्या ह्या बाजूला. उडी मारून म्हणा की, सत्तरीचा माणूस. आले ते माझ्या हातातला पेला हिसकावला आणि भुईवर वतला. पांढरं दूध मातीत.

"पोटुशीच्या फुडचं दूध सांडलंस, मेल्या!" आत्तींनी त्यांचा सदरा धरला.

"उकळून दे," तात्या म्हणले, धापा टाकत. "तीन उत्या दे. ही म्हस त्या म्हशीशेजारी हाय, हिच्यात बी आसंल. उकळ. मग घागर भरून दे, मी न्हाई म्हणतोय का?"

"काय आसंल? काय सोडलंयस हिच्यात?"

"मी न्हाई सोडलं. तुमी बांधलंय. लांब बांध म्हणलं हुतं."

मालक तवा घरी आलते, त्यांनी तात्यांना दंडाला धरून बाहेर घातलं. मग काय ऱ्हायलं? त्यांच्या दारावरनं जाताना बाया पोरांना पदराखाली घ्यायच्या. वैरण कुणी दीना. म्हैन्याभरात पेठ वडगावची त्यांची लेक आली, म्हशी इकल्या, त्यांना घेऊन गेली. म्हशी न्यायला आलेल्या माणसाला बी टेंपोत चढवताना सांगत हुते, "माझ्या म्हशी चांगल्या हायत, पण तू इस्वास ठेऊ नगंस. म्हैनाभर लांब बांध." तो माणूस हसला. मी फटीतनं बघत हुते. आपल्या म्हशींबद्दल कोण आसं सांगतंय? जाताना त्यांनी परत एकदा माझ्याकडं बघितलं, आणि मला वाटलं, सुटले.

सातव्या म्हैन्यात माझ्या पोटात कळा याय लागल्या, अंगावर जाय लागलं. मालकांनी जीप केली, कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मी वाटंनं पोटाला दोन्ही हातानं धरून बसलेली, जसं काय सोडलं तर पडंल. मला ते रेडकूच दिसत हुतं, गार, बिनकेसाचं. तिथं एक डॉक्टरीण, माझ्याहून थोडीशीच मोठी आसंल, तिनं सलाईन लावली, कळा थांबवल्या, मग खुर्ची वडून बसली आणि इचाराय लागली. ताप कधीपास्नं, संध्याकाळीच येतो का, सांधे दुखत्यात का. आणि मग तिनं लिहिता लिहिता, वर न बघताच इचारलं,

"घरात एखादं जनावर गाभडलं होतं का? त्या वारेला हात कुणी लावला?"

मी आत्तींकडं बघितलं. आत्तींनी माझ्याकडं. आत्ती भितीला धरून खाली बसल्या.

"रक्त तपासायला लागेल," डॉक्टरीण म्हणाली.

डॉक्टरणीला आलेला संशेवच रक्तात खरा निघाला. जनावराचा रोग, जंतूचा, गाभडलेल्या जनावराच्या वारंत आसतो, कच्च्या दुधात आसतो, माणसाला लागतो, ताप येतो आणि जातो. मी इचारलं, करणीनं न्हाई? ती हसली न्हाई. म्हणाली, हातानं. सहा आठवडं गोळ्या घेतल्या. पोरगी दीड म्हैना आधी झाली, एवढीशी, पण रडली. जोरात रडली. तिचं बी रक्त तपासलं, काय न्हाई म्हणले. मी तरी आजून धा येळा तिच्या कपाळाला हात लावते, आता लिहितानासुद्धा लावला.

जनावरांच्या दवाखान्याच्या लोकांनी आमच्या म्हशींचं रक्त घेतलं, तर दोन्हींच्यात. आत्ती म्हणाल्या, बाजारात न्हेऊन टाकू, कुणाला कळतंय. मी आत्तींच्या तोंडाला तोंड कधी दिलं न्हाई, पण तवा मी म्हणले, "कुणाच्या दावणीला पावणी म्हणून बांधायची? तिथं बी कोण पोटुशी आसंल." जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं तसं आता दोन्ही लांब बांधल्यात, चिंचंकडच्या बाजूला. रेड्या चार-पाच म्हैन्याच्या झाल्या की त्यांना ह्या रोगाची लस टोचून घ्यायची, एकदाच, ते बी आता मला पाठ झालंय.

पोरगी तीन म्हैन्याची झाल्यावर मी एकटीच वडगावला गेले, येष्टीनं. तात्या लेकीच्या पडवीत बसलेले, ढोपरं सुजलेली. मला बघितलं आणि पयलं पोरीकडं बघितलं, लई येळ, जसं त्या म्हशीकडं बघितलंतं तसं. मला आता कळतं ते काय बघत हुते.

मी म्हणले, "तात्या, गावाला मीच सांगितलंतं."

"ठाव हाय. फटीतनं तुझा डोळा दिसायचा."

"तुमी काळ्या वाटीत बघून काय म्हणायचा वं?"

ते म्हणले, "गुठळी न्हाई, गुठळी न्हाई. कास बिघडली की दुधात गुठळ्या येत्यात, काळ्यावर पांढरं दिसतं. आणि काय म्हणणार?"

लेकीनं च्या आणला. मी कप हातात घेतला आणि माझ्या तोंडातनं आपसूक गेलं, "उकळलंय न्हवं चांगलं?" लेक बघतच राहिली. तात्या हसले. त्यांना हसताना मी पयल्यांदाच बघितलं, खालचं दोन दात नव्हतं.

मग हसता हसता थांबले. लेक आत गेली तवा म्हणले, "नोकरीत हुतो तवा वार अडकली की कोपरापतूर हात आत घालायचो, उघडा. तसाच घरी यायचो. कापडं बायको धुवायची. तिची तीन गेली, पाच-पाच, सहा-सहा म्हैन्याची. लोक म्हणले हिला बाहेरचं हाय. मी बी म्हणलो. लिंबू आणायचो. लई वर्सांनी एका डॉक्टरनं माझं रक्त तपासलं." लेक गेलती त्या खोलीकडं बोट केलं. "ही कशी राहिली ठाव न्हाई."

मी पोरीला त्यांच्या फुडं केली. ते मागं सरकले, तसंच, बारशात सरकायचे तसंच. मी हात मागं घेतला न्हाई. मग ते उठले, मोरीत गेले, साबणानं हात धुतले, कोपरापतूर, एकदा, परत, परत, तीनदा, जसं काय हाताला बी तीन उत्या येऊ देत्यात. येऊन बसले, आणि पोरीच्या पायाच्या अंगठ्याला एक बोट लावलं. एकच.

आणि मी, सगळं कळल्यावर बी, सगळं मान्य केल्यावर बी, त्या बोटाकडंच बघत हुते. नखात काय हाय का, ओलं हाय का, कुठं लागलेलं हाय का. त्यांनी वर बघितलं. माझी मान खाली गेली, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मान खाली घालू नगंस," तात्या म्हणले. बोट तिथंच हुतं. "आसंच बघत जा. कुणाचा बी हात आसू दे."